बिनछपराचा डबा



आज आपण भावाबद्दल बोलणार आहोत. एकाच गोष्टीचे दोन भाव असावेत का? जास्त पैसे देणाऱ्याला चांगला माल आणि कमी पैसे देणाऱ्याला हलका माल, ही रीत बरी की वाईट? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात बरेच काही आहे. ते आपण हळूहळू उलगडून पाहू.

आधी ओळखीची गोष्ट घेऊ. कांदा काढला की आपण तो निवडतो. मोठा, एकसारखा कांदा एकीकडे. बारीक गोल्टी दुसरीकडे. मोठ्या कांद्याला भाव जास्त, गोल्टीला कमी. गोल्टी घेणाऱ्याला आपण फसवत नाही. माल जसा आहे तसा त्याच्यापुढे ठेवतो. ज्याच्या गाठीला पैसा कमी, त्याचेही कालवण त्या गोल्टीवर होते. यात वावगे काही नाही.

पण समजा, एखाद्या व्यापाऱ्याकडचा सगळाच कांदा मोठा आहे. त्यातला निम्मा तो खाली ओततो आणि काठीने ठेचतो. मग म्हणतो, "हा ठेचलेला स्वस्त. हा चांगला महाग." तुम्ही म्हणाल, असा वेडा कुठे असतो काय? चांगला माल आपल्या हाताने कोण नासवील?

मंडळी, असे धंदे करणारे होऊन गेले आहेत. ते वेडे नव्हते. हिशेबाला पक्के होते. त्यांची गोष्ट कांद्याची नाही, आगगाडीची आहे.

छप्पर का नव्हते?

युरोपात फ्रान्स नावाचा देश आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे आगगाडी नवी होती. गाड्या खाजगी कंपन्या चालवीत. गाडीत तीन वर्ग असत. पहिल्या वर्गात मऊ गाद्या. तिसऱ्या वर्गात नुसती लाकडी बाके. काही गाड्यांत तर तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्परच नसे. पाऊस आला की माणसे भिजत. थंडीत कुडकुडत. इंजिनाचा धूर आणि निखारे अंगावर येत.

त्या देशात द्युपुई नावाचे एक इंजिनिअर होते. रस्ते, पूल, शहराचा पाणीपुरवठा ही त्यांची कामे. ते हिशेबी आणि विचारी गृहस्थ होते. १८४९ साली त्यांनी प्रवासाच्या भाड्यांविषयी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी या डब्यांचा प्रश्न घेतला. कंपनी डब्याला छप्पर का घालीत नाही?

लोकांना वाटे, कंपनी पैसे वाचवते. द्युपुई म्हणाले, तसे नाही. रूळ घालायचा खर्च केवढा! इंजिनाचा खर्च केवढा! त्यापुढे एका छपराची किंमत ती काय? कंपनीला गरिबांचा राग आहे, असेही नाही. खरे कारण वेगळे आहे. तिसरा वर्ग बरा केला, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा माणूसही तिसऱ्यात येऊन बसेल. मग कंपनीची मिळकत घटेल. तो माणूस तिसऱ्यात येऊ नये म्हणून तिसरा वर्ग वाईट ठेवायचा.

नीट ध्यानात घ्या. भिजतो गरीब. पण कंपनीला भीती घालायची आहे ती पैसेवाल्याला. गरिबाची पाठ हा नुसता धाक दाखवायचा फलक!

दोन भावांचा फायदा

मग दोन भाव ठेवणेच वाईट का? थांबा. घाई करू नका. एक हिशेब करू. पाटीवर मांडून पाहा.

समजा, एका गावाहून तालुक्याला गाडी सोडायची आहे. गाडीत पाच माणसे बसोत की तीस बसोत, एका खेपेचा खर्च १००० रुपये. गावात १० व्यापारी आहेत. ते ६० रुपयांपर्यंत भाडे देतील. २० मजूर आहेत. त्यांना २५ रुपयांच्या वर परवडत नाही.

सगळ्यांना ६० रुपये भाडे ठेवले तर? मजूर घरी राहतील. १० व्यापाऱ्यांचे ६०० रुपये येतील. खर्च भागत नाही. गाडी बंद.

सगळ्यांना २५ रुपये ठेवले तर? तीसही जण बसतील. ७५० रुपये येतील. तरी खर्च भागत नाही. गाडी बंद.

आता दोन भाव ठेवा. व्यापाऱ्यांचे ६०० आणि मजुरांचे ५००. झाले ११००. खर्च निघाला, वर १०० उरले. गाडी सुरू!

पाहिलेत? एकाच भावाने कोणालाच गाडी मिळत नव्हती. दोन भावांनी सगळ्यांना मिळाली. मजूर बाजाराला गेला. व्यापारी पेठेत गेला. रस्ता, इंजिन, चालक हा खर्च सगळ्यांचा मिळून असतो. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने त्यातला जास्त वाटा उचलला, तर गरिबाचा प्रवास होतो. म्हणून दोन भाव दिसले की लगेच "लूट, लूट" म्हणून ओरडू नये.

मग अडते कुठे?

अडते ते पुढे. व्यापारी विचार करतो, "तेच बाक, तीच गाडी. मग मी ६० का देऊ? मीही २५ चे तिकीट काढतो." त्याचेही बरोबरच आहे. पैसा कोणाला नको असतो? पण त्याने तसे केले की गाडी पुन्हा तोट्यात. तेव्हा दोन भाव टिकवायचे, तर दोन जागांत काही फरक हवा.

तो फरक करायच्या वाटा दोन. पहिली वाट म्हणजे महाग जागा आणखी चांगली करायची. गादी घाला, ऐसपैस बसू द्या. यात थोडा खर्च होतो, पण त्याचे सुख कोणाला तरी मिळते. दुसरी वाट म्हणजे स्वस्त जागा मुद्दाम वाईट करायची. छप्पर काढा, बाक मोडके ठेवा.

गाडीवाल्याला दोन्ही वाटांनी पैसा मिळतो. पण देशाच्या, समाजाच्या हिशेबात फार फरक पडतो. तो असा.

पैसा एकाच्या खिशातून निघतो आणि दुसऱ्याच्या खिशात जातो. एकाचे गेले, दुसऱ्याला आले. तो पैसा नाहीसा होत नाही. पण पावसात भिजलेल्या मजुराचा त्रास कोणाच्या खिशात जातो? कोणाच्याच नाही. त्याला ताप आला, चार दिवसांची मजुरी बुडाली, तर ती मजुरी कंपनीला मिळाली का? नाही. ते सुख नुसते मातीत गेले. ठेचलेल्या कांद्यासारखे. खाणाऱ्याला चव नाही आणि विकणाऱ्याला जादा भाव नाही.

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. भाव वेगळे असले म्हणून समाजाचे नुकसान होतेच असे नाही. चांगली वस्तू मुद्दाम नासवली की मात्र ते सुख कायमचे वाया जाते.

कोणी म्हणेल, "बिनछपराचा का होईना, डबा तर मिळाला! पायी चालण्यापेक्षा बरा." हे म्हणणेही खोटे नाही. तो डबा काढूनच टाकला, तर गरीब माणूस पायीच जाईल. म्हणून वाईट डबा बंद करा म्हणणे हा उपाय नव्हे. डबा राहू द्या, पण त्याला छप्पर घाला. हे कसे व्हायचे? ते इंग्लंडात कसे झाले ते ऐका.

इंग्लंडातला कायदा

इंग्लंडातही तेव्हा गरिबांना उघड्या डब्यांतून नेत. मालगाडीला जोडलेले ते डबे. बाजू ठेंगण्या. २४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे अशी एक गाडी लंडनहून निघाली. दुसऱ्या दिवशी नाताळ. गाडीत सणाला घरी निघालेले मजूर होते. पावसाने सॉनिंग नावाच्या जागी रुळांवर दरड आली होती. अंधारात गाडी तिच्यावर आदळली. उघड्या डब्यांतली माणसे बाहेर फेकली गेली. आठ जण जागीच ठार झाले. कितीतरी जखमी झाले.

मग देशात विचार सुरू झाला. १८४४ साली तिथल्या सरकारने कायदा केला. तिसऱ्या वर्गाच्या माणसांसाठी रोज निदान एक गाडी सोडलीच पाहिजे. डब्यात बसायला जागा पाहिजे. ऊन, वारा, पाऊस यांपासून आडोसा पाहिजे. गाडीचा वेग ताशी १२ मैलांहून, म्हणजे सुमारे १९ किलोमीटरांहून, कमी नको. भाडे मैलाला एक पेनीहून जास्त नको. पेनी म्हणजे तिथला छोटा पैसा. त्याच्या बदल्यात त्या भाड्यावरचा कर सरकारने सोडला.

सरकारने "सगळ्यांना एकच वर्ग" असे म्हटले नाही. पहिल्या वर्गाच्या गाद्या काढल्या नाहीत. खालची एक रेघ मात्र आखून दिली. तिच्या खाली कोणी जायचे नाही.

पुढे काय झाले? कंपन्या बुडाल्या का? मुळीच नाही. तिसऱ्या वर्गाने जाणारी माणसे वाढत गेली. १८७२ साली तिथल्या मिडलंड नावाच्या कंपनीने आपल्या सगळ्या गाड्यांना तिसऱ्या वर्गाचे उतारू घ्यायला सुरुवात केली. १८७५ साली तिने दुसरा वर्गच काढून टाकला आणि तिसऱ्या वर्गाला मऊ बाके दिली. इतर कंपन्या नाराज झाल्या. पण हळूहळू त्यांनाही मागून यावे लागले.

आपल्या देशात

आता घरची गोष्ट. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी सुटली. पुढे देशभर रूळ पसरले. इथेही वर्ग आले. जाणारे-येणारे बहुतेक लोक तिसऱ्या वर्गाचे. हाल होत तेही त्यांचेच. गर्दी, घाण, पाण्याची टंचाई.

१९१५ साली महात्मा गांधी आफ्रिकेहून परत आले. ते तिसऱ्या वर्गाने देशभर फिरले. १९१७ साली त्यांनी मुंबईहून मद्रासला केलेल्या प्रवासाचे हाल वर्तमानपत्रांना लिहून कळविले. त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, ठीक आहे. पण मग तिसऱ्या वर्गाच्या माणसाला पहिल्याच्या पाचव्या हिश्शाने तरी सोय मिळते का? दहाव्या हिश्शाने तरी?

पाहा, गांधीजी "भाडे एक करा" म्हणत नव्हते. दिलेल्या पैशाची सोय द्या, म्हणत होते.

स्वराज्य आले, तरी तिसरा वर्ग बरीच वर्षे राहिला. १९७४ साली तो गेला आणि त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. पण पाटी बदलली म्हणून बाक मऊ होत नाही. रात्रभर लाकडी फळीवर झोपावे लागे. १९७७ साली आपल्या कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर गाद्या घालायला लावल्या. दोन इंच जाडीच्या साध्या गाद्या. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई ते हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. ती एकाच वर्गाची गाडी होती. वरच्या वर्गाला खाली ओढायचे नाही, खालच्या वर्गाला वर उचलायचे, असा दंडवत्यांचा विचार होता.

त्या गाद्यांमुळे वरचे वर्ग ओस पडले का? नाही पडले. आजही एसीचे डबे भरून जातात. ज्याला जास्त सोय हवी, तो जास्त पैसे देतोच. त्यासाठी गरिबाची पाठ शेकायची गरज नव्हती.

आता एक चांगला नमुना सांगतो. २०२१ साली रेल्वेने थंड हवेचे नवे डबे काढले. आधीच्या तशा डब्यात ७२ जण झोपत. नव्या डब्यात सुरुवातीला ८३ जणांची सोय केली. जागा थोडी अडचणीची झाली. पण एका डब्यात माणसे जास्त, म्हणून माणशी खर्च कमी, म्हणून भाडेही कमी. इथे जागा हलकी केली ती खर्च वाचवायला. कोणाला भीती घालायला नव्हे. हा गोल्टीचा व्यवहार झाला, ठेचलेल्या कांद्याचा नव्हे.

खूण करा, जखम नको

स्वस्त वस्तू ज्याच्यासाठी आहे त्यालाच मिळावी, दुसऱ्याने ती पळवू नये, हेही पाहावे लागते. पण त्यासाठी वस्तू नासवायला हवी असे नाही. नुसती खूण पुरते.

रेशनवरचे रॉकेल निळे असे, आठवते ना? तो रंग मुद्दाम घातलेला असे. स्वस्त रॉकेल काळ्या बाजारात गेले तर रंगावरून ओळखू येई. पण रंगामुळे चूल कमी पेटत नसे. ही झाली खूण.

आपली एसटी घ्या. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. बाई अर्ध्या तिकिटात बसते, म्हणून तिला मोडके बाक देत नाहीत. तीच गाडी, तीच जागा. सवलतीचा भार सरकार उचलते. इथे भाव दोन आहेत, पण माल एकच.

नव्या वस्तूंत जुनी युक्ती

ही युक्ती जुन्या डब्यांबरोबर संपली नाही. १९९० साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने कागदावर छपाई करणारी दोन यंत्रे विकली. महाग यंत्र मिनिटाला १० पाने छापी. स्वस्त यंत्र ५ छापी. दोन्ही आतून जवळजवळ सारखीच! स्वस्त यंत्र सावकाश चालावे, म्हणून त्यात मुद्दाम थांबे घातले होते. म्हणजे ते बनवायला खर्च काही कमी नव्हता.

याला काय म्हणाल? ते यंत्र कोणाला भिजवीत नव्हते. लहान दुकानदाराला थोड्या पैशांत यंत्र मिळाले, हेही खरे. म्हणून याला छपराइतके वाईट म्हणता येणार नाही. पण त्याच खर्चात दुप्पट काम होऊ शकत होते आणि ते होऊ दिले नाही. तेवढे वाया गेलेच.

तीन प्रश्न

तेव्हा बाजारात, गाडीत, दवाखान्यात, कुठेही "स्वस्त वर्ग" आणि "महाग वर्ग" दिसला, की मनाशी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न. स्वस्त वस्तू हलकी केली, त्यात खरोखर खर्च वाचला का? वाचला असेल तर व्यवहार सरळ आहे. वाचला नसेल, तर ती कोणाला भीती घालायला हलकी केली?

दुसरा प्रश्न. स्वस्त भावामुळे नवा माणूस आत आला का? आधी ज्याला मिळत नव्हते त्याला मिळू लागले का? तसे असेल तर दोन भावांत पुण्य आहे. जुन्याच माणसाला जुन्याच भावात कमी दिले असेल, तर ती लबाडी आहे.

तिसरा प्रश्न. खालची रेघ पाळली आहे का? स्वस्त औषध साध्या पुडीत असेल तर चालेल, पण ते गुणाने कमी असून चालणार नाही. स्वस्त गाडीत गादी नसेल तर चालेल, पण ब्रेक पाहिजेच. स्वस्त डब्यात पंखा एक असेल तर चालेल, पण पाणी आणि संडास पाहिजेच. जीव, आरोग्य आणि अब्रू यांत दोन वर्ग नसतात.

आणि विकणाऱ्याने खरे सांगितले पाहिजे. मालाचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तो लिहिलेला आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पिशवीवरचे, डबीवरचे, तिकिटावरचे वाचा. समजले नाही तर विचारा. विचारायला लाजू नका.

मंडळी, "स्वस्तात मस्त मिळत नाही" असे आपण सहज म्हणून जातो. वाईट वस्तू मिळाली की म्हणतो, "आपण पैसेच कमी दिले." तेवढ्यावर थांबू नका. कमी पैशांत गादी नसेल, हे आपण समजून घेऊ. पण छप्परसुद्धा नसेल, तर ते का नाही, हे विचारल्याशिवाय राहू नका. एकट्याने विचारले तर कोणी ऐकत नाही. दहा जणांनी मिळून विचारले, ग्रामसभेत विचारले, लिहून विचारले, तर उत्तर द्यावे लागते. इंग्लंडात लोकांनी विचारले, गांधीजींनी इथे विचारले, तेव्हाच तर गोष्टी बदलल्या.



वाचून झाल्यावर बोला

१. गोल्टी कांदा आणि ठेचलेला कांदा यांत फरक काय?

२. गावच्या गाडीचा हिशेब पुन्हा पाटीवर मांडा. खर्च १००० ऐवजी ७०० रुपये असता, तर सगळ्यांना २५ रुपये भाडे चालले असते का?

३. डब्याला छप्पर नसण्याचे द्युपुई यांनी कोणते कारण सांगितले?

४. तुमच्या गावात दोन भाव कशाकशाला आहेत? त्यांतल्या एकाला वरचे तीन प्रश्न लावून पाहा.